खाडीचं पाणी लीजवर मिळतं का? कालवं-शिनाण्यांची शेती करू पाहणाऱ्या बचत गटासाठी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. देवगड तालुक्यात खाडीकाठी तुमचा 10 जणींचा गट आहे, कालवं (ऑयस्टर) आणि शिनाण्यांची (हिरवे शिंपले, इंग्रजीत मसल) शेती करायचीय, त्यासाठी खाडीतलं पाणी सरकार लीजवर देतं का, किती वर्षांसाठी देतं आणि अर्ज नेमका कुठे करायचा, एवढं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय, की बाहेरचा एक व्यापारी म्हणतोय "जागा तुमच्या गटाच्या नावावर घेऊ, पैसा मी घालतो". माझ्या उत्तराचा बराचसा भाग त्या शेवटच्या ओळीसाठी आहे, पण आधी कागदाचं सांगतो.

मी गेली 18 वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्यांमध्ये गटांबरोबर हेच काम करतोय, दोऱ्या बांधण्यापासून फायली घेऊन फिरण्यापर्यंत सगळं.

तर खाडीच्या पाण्याला सातबारा नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 20, त्यात स्पष्ट आहे की समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ सरकारच्या मालकीचा. म्हणजे तुमच्या घराच्या पायरीला पाणी लागत असलं तरी ते पाणी किंवा त्याखालचा चिखल तुमचा नाही, ग्रामपंचायतीचा नाही आणि मच्छीमार सोसायटीचाही नाही. बऱ्याच लोकांचा घोळ तलाव ठेक्यावरून होतो. धरणं, पाझर तलाव हे मत्स्यव्यवसाय खातं सोसायट्यांना 5 वर्षांच्या ठेक्याने देतं, ते लोकांनी पाहिलेलं असतं, मग वाटतं खाडीचंही तसंच असणार. तसं नाही. तलावाला चार बाजू आहेत, खाडीत भरती येते, होड्या जातात, कांदळवन आहे, पलीकडच्या तीरावर दुसरं गाव आहे. माझ्या अनुभवात आपल्याकडे जमिनीसारखं रजिस्टर केलेलं लीज डीड गटाच्या हातात पडत नाही, पडतं ते परवानगीपत्र, ना हरकत दाखले आणि योजनेतला मंजुरी आदेश. त्या कागदांवर शेती करता येते, पण "हे पाणी माझं" असं त्यावरून म्हणता येत नाही, हे गटातल्या सगळ्या जणींना पहिल्या दिवशीच सांगा.

2023 मध्ये एक चांगली गोष्ट झाली. कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीचा (किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) जो 2005 चा कायदा आहे तो मुळात कोळंबीच्या तळ्यांसाठी होता (1996 ला सुप्रीम कोर्टाने कोळंबी शेतीवर जो निकाल दिला त्यानंतरच्या सगळ्या घडामोडीतून तो आला), त्यात दुरुस्ती होऊन आता शिंपल्यांची शेती, समुद्री शेवाळ, पिंजऱ्यातले मासे, मोत्याची कालवं हे सगळं त्या कायद्यात नाव घेऊन आलंय. पूर्वी अधिकारी विचारायचे हे कुठल्या कायद्यात बसतं, आणि आमच्याकडे उत्तर नसायचं. या कायद्याखालची नोंदणी 5 वर्षांसाठी असते आणि जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिच्याकडून ती पुढे जाते. तुमचा अर्ज आधी मत्स्यव्यवसायच्या सहाय्यक आयुक्तांकडे घेऊन जा, तिथून फाईल सुरू होईल. होड्यांच्या वाटेजवळ किंवा जेटीजवळ जागा असेल तर मेरीटाईम बोर्डाचं ना हरकत लागेल, कांदळवनाजवळ असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं. 1000 चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तर त्याच्याभोवती 50 मीटरचा बफर सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) धरतात, तेव्हा खांब त्यात येत नाहीत ना ते आधीच मोजून घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव आणि सोसायटीचं पत्र, दोन्ही. आणि मालवण अभयारण्याच्या हद्दीजवळ तुमची जागा नाही हे बरं आहे, तिथे वेगळीच वाट असते.

पैशासाठी दोन दारं आहेत. 2017 ची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना, तिच्यात गावात कांदळवन सह-व्यवस्थापन समिती असली तर गटाला 90 टक्के अनुदान आहे, एकट्या माणसाला 75. दुसरी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना, तिच्यात महिलांना 60 टक्के आणि सर्वसाधारण 40. हे आकडे लक्षात ठेवा, व्यापाऱ्याच्या विषयात परत लागतील.

एवढं झालं कागदाचं. आता मी जे शिकलो ते सांगतो, आणि ते मी चूक करून शिकलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका खाडीत (नाव घेत नाही, लोक ओळखतील) आम्ही जागा निवडली ती भरतीच्या वेळी होडीतून फिरून. पाणी सुंदर, क्षारता (हजार भाग पाण्यात मीठ किती) 30 च्या वर, खोली पुरेशी, ओढ फार नाही. सगळे दाखले फायलीत होते, एकही कागद कमी नव्हता. 12 मांडव उभे केले, बांबूचे रॅक हो, बायका त्यांना मांडवच म्हणतात. पहिल्या अमावस्येच्या ओहोटीला पलीकडच्या वाडीतल्या बायका होडीतून आल्या आणि थांबल्या. आमच्या मांडवांच्या मागे वाळूचा एक पट्टा होता, भरतीला तो दिसतच नाही, ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्या तिथे पायाने चाचपत तिसऱ्या (वाळूतले शिंपले) काढायच्या, त्यांच्या सासवाही तिथेच काढायच्या. आमच्या दोऱ्यांनी त्यांची होडीची वाट बंद झाली होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कारण त्या दुसऱ्या ग्रामपंचायतीत येतात आणि आमचा ठराव अलीकडच्या ग्रामपंचायतीचा होता. आठवड्याभरात अर्ध्या दोऱ्या कापलेल्या मिळाल्या. आमच्या गटातल्या बायका रडल्या, कुणी म्हणालं पोलीस केस करू, कागद आहेत आपल्याकडे. मी नको म्हटलं. कारण कागद आमच्याकडे होते तरी चूक आमचीच होती.

मग आम्ही पलीकडे गेलो, दोन-तीनदा गेलो, पहिल्यांदा कुणी बोललंच नाही. शेवटी एका वयस्कर बाईंनी ओल्या वाळूत काठीने पूर्ण खाडी काढून दाखवली, इथे तिसऱ्या, इथे खुबे, इथे पावसानंतर गोडं पाणी साचून राहतं, इथून पाग (फेकायचं जाळं) घेऊन मासे धरणारे जातात, इथे उन्हाळ्यात गिलनेट लागतं. जीपीएस घेऊन मी महिनाभर फिरलो होतो त्यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं. मांडव साधारण 200 मीटर वरच्या बाजूला हलवले, पलीकडच्या तिघी गटात आल्या, त्यानंतर एकही दोरी कापली गेली नाही.

म्हणून माझं म्हणणं हे आहे ताई, की लीज घेणं म्हणजे सगळ्यांच्या पाण्यातून एक चौकोन काढून थोड्या जणांना देणं. तो चौकोन कुणाच्या ताटातून निघतोय हे आधी शोधायचं, कागद नंतर. खाडीत रिकामं पाणी नसतंच, आपल्याला ते वापरणारा माणूस त्या वेळी दिसत नाही एवढंच. आणि बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे बाईच असते, कारण होडीवाल्या पुरुषांची सोसायटीत नोंद असते, कालवं फोडणाऱ्या आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची कुठेच नसते.

जागा बघायला कसं जायचं ते सांगतो. अमावस्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला, ओहोटी पूर्ण सुकल्यावर जा, आणि अष्टमीच्या भांगालाही (भरती-ओहोटीत फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा) जा, म्हणजे पाणी सगळ्यात कमी किती उतरतं आणि मधल्या दिवसांत किती राहतं दोन्ही कळतं. सगळ्यात खोल ओहोटीलाही मांडवाखाली दीड मीटर तरी पाणी हवं, दोरीचं टोक चिखलाला लागलं की खालची शिनाणे गुदमरतात आणि खेकडे वर चढतात. चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घ्या, एका साध्या नकाशावर खाडी काढा आणि त्यावर होड्यांची वाट, जाळी लावायच्या जागा, कालवांचे खडक, तिसऱ्यांचे पट्टे, सगळं दाखवा आणि दोन्ही तीरांवरच्या लोकांच्या त्यावर सह्या किंवा अंगठे घ्या. हा नकाशा कुठल्याच अर्जात मागत नाहीत. तरी जोडा. एका कार्यालयात आमची फाईल आठ महिने पडून होती, एकदा हा नकाशा जोडला तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा फाईल उघडून नीट वाचली.

क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, महाग नाही. गणपतीपासून सुरू करा आणि दर आठवड्याला वहीत लिहा. शिनाण्यांना 27 ते 35 च्या मधे पाणी लागतं, पावसात खाडी गोडी झाली की ती मरतात, म्हणून त्यांचं पीक नोव्हेंबर-डिसेंबरला लावून मे संपायच्या आत काढायचं, यात दुसरा मार्ग नाही. कालवं चिवट, 10 पर्यंतही तग धरतात, पण त्यांना वाढायला 8-10 महिने लागतात आणि 100 किलो कालवांतून मांस निघतं 8 ते 10 किलो, बाकी शिंपले. हे ऐकून बायका निराश होतात, पण कालव फोडून आयुष्य गेलेल्यांना ते माहीतच असतं.

आता किती जागा मागायची. 5 बाय 5 मीटरचा एक मांडव म्हणजे 25 चौरस मीटर, चार मांडव म्हणजे जवळजवळ एक गुंठा. अर्धा मीटर अंतराने बांधल्या तर एका मांडवाला साधारण 100 दोऱ्या बसतात. खडकावरची शिनाण्यांची बारीक पिल्लं दोरीभोवती सुती जाळीच्या कापडात गुंडाळायची, काही दिवसांत कापड कुजून जातं आणि तोवर पिल्लांनी आपल्या धाग्यांनी दोरी पकडलेली असते. केरळात एक मीटर दोरीला 10 किलोच्या आसपास माल निघतो, शिंपल्यांसकट. तुम्ही पहिल्या वर्षी निम्मा धरा. तरी एका गुंठ्यातून, मीटरभराच्या 400 दोऱ्या धरून, दोन टन होतो, आणि दोन टन शिनाणे साफ करून, उकडून, विकायला 10 बायकांना पुरेपूर काम आहे. तेव्हा पहिल्या वर्षी एक गुंठाच मागा. अर्जात एकर लिहायला सांगणारे भेटतील, ऐकू नका. आणि हो, पिल्लं ज्या खडकावरून आणायची तो खडकही कुणीतरी वापरतं, तिथेही आधी विचारायचं.

लहान का मागायचं याला माझ्याकडे दोन उदाहरणं आहेत. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, थंड समुद्र, कालवं-शिनाण्यांची शेती खूप. तिथे सरकार खरोखर समुद्राचं पाणी लीजवर देतं, पण पायऱ्यापायऱ्यांनी. सुरुवातीला 400 चौरस फुटांचा परवाना, एका वर्षाचा, म्हणजे आपल्याकडच्या एका वन रूम किचनएवढी जागा. मग 4 एकरांपर्यंत 3 वर्षांचं प्रायोगिक लीज, आणि मगच मोठं, 100 एकरांपर्यंत आणि 20 वर्षांपर्यंत. मोठ्या लीजला जाहीर सुनावणी होते, त्यात बघतात काय तर काठावरच्या माणसाची ये-जा अडते का, होड्या अडतात का, तिथे आधीपासून मासेमारी होते का. म्हणजे आमच्या त्या वयस्कर बाईंनी वाळूत काढून दाखवलं तेच प्रश्न तिथे कायद्यात लिहिलेत. शेजारच्याच भागातल्या ऱ्होड आयलंडने तर किनाऱ्याच्या खाऱ्या तळ्यांमध्ये शेतीला 5 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी द्यायचं नाही असं ठरवून टाकलंय. मला ही कल्पना फार आवडते. आपल्या प्रत्येक खाडीला असा एक आकडा हवा आणि तो खाडीकाठच्या लोकांनी ठरवायला हवा, आज आपल्या खाड्यांत शेती थोडी आहे तोवरच हे करता येईल.

दुसरं उदाहरण केरळचं. कासरगोड जिल्ह्यात पडन्नाच्या खाजणात 1996-97 च्या सुमारास सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना शिनाण्यांची शेती दाखवली, बायकांच्या गटांनी कर्ज काढून ती उचलली, आणि ती इतकी पसरली की देशात शिनाण्यांच्या शेतीचं नाव निघालं की अजूनही तेच गाव समोर येतं. मी तिथे जाऊन आलोय, शिकण्यासारखं खूप आहे. पण शेती वाढल्यावर जागेवरून आणि बियाण्यावरून भांडणंही झाली, मांडव एकमेकांना चिकटले की पाण्यातलं खाद्य वाटलं जातं आणि वाढ मंदावते. शिनाण्याला आपण खायला काही घालत नाही, वाहत्या पाण्यातून तो स्वतः गाळून घेतो, म्हणून शेजाऱ्याच्या मांडवाने तुमचं उत्पन्न कमी होऊ शकतं. जमिनीवर असं होत नाही.

आणि पाणी गाळून खातो यातच दुसरी मोठी गोष्ट आहे. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात. सप्टेंबर 1997 मध्ये केरळच्या विळिंजमला शिनाणे खाऊन 7 जण गेले, शेकडो आजारी पडले, समुद्रात वाढलेल्या विषारी सूक्ष्म वनस्पतींमुळे. ती शेतीची शिनाणे नव्हती, पण खाणाऱ्याला काय फरक पडतो. पाण्याला वेगळाच रंग चढलेला दिसला, लाल किंवा तपकिरी किंवा मासे मरून तरंगले, की काढणी बंद, कितीही ऑर्डर असली तरी बंद. सांडपाण्याचं तसंच. युरोपात थेट खायच्या शिंपल्यांसाठी 100 ग्रॅम मांसात ई-कोलायची (मैल्यातून येणारा जंतू) संख्या 230 च्या खाली लागते, यावरून कल्पना येईल. म्हणून जागा गावाच्या नाल्यापासून, जेटीपासून आणि कोळंबी प्रकल्पाच्या पाणी सोडायच्या तोंडापासून लांब हवी, आणि काढल्यावर स्वच्छ गाळलेल्या खाऱ्या पाण्यात दिवसभर तरी ठेवायची म्हणजे पोट साफ होतं. मांस आणि पाणी तपासायला रत्नागिरीच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा, पोरं-प्राध्यापक मदत करतात. आणि ग्रामसभेच्या ठरावात "जागेला हरकत नाही" एवढ्यावर थांबू नका, "या जागेच्या वरच्या बाजूला नवीन सांडपाणी सोडणार नाही" हे वाक्य घालून घ्या. परवानगीने तुम्हाला चौकोन मिळतो, चौकोनातलं पाणी तर वरून वाहत येतं.

आता तो व्यापारी. त्याला नोटा मोजून देण्याची घाई असेल आणि तुम्हाला बांबू-दोरीला पैसे हवे असतील, हे मला समजतं. पण तो तुमच्या गटाच्या नावाकडे का येतोय ते बघा. महिलांना 60 टक्के, गटाला 90 टक्के, स्थानिकांना गावाचा ठराव सहज मिळतो, आणि पाण्यातली जागा बाहेरच्याला कुणी देणार नाही. म्हणजे या धंद्यातली सगळ्यात किमती गोष्ट तुमच्याकडे आहे, आणि ती तो फुकट मागतोय. मी असे दोन गट पाहिलेत. दोन्हीकडे पहिल्या वर्षी मजुरी वेळेवर मिळाली, दुसऱ्या वर्षी जागा वाढवली, तिसऱ्या वर्षी भाव पडल्यावर माणूस निघून गेला आणि मागे खाडीत कुजलेले बांबू, नायलॉनच्या दोऱ्या आणि अध्यक्षबाईंच्या नावावर वसुलीची नोटीस राहिली. सह्या त्यांच्याच होत्या ना.

त्याला तोडून टाका असं मी म्हणत नाही, बाजार त्याला माहीत आहे आणि तुम्हाला बाजार लागणार आहे. त्याच्याशी खरेदीचा करार करा. माल किती, आकार किती, किलोचा किमान भाव किती, उचल (आगाऊ पैसे) किती आणि किती दिवस आधी, माल मेला तर उचलीचं काय, एवढं लिहून घ्या. जागेचा परवाना, अनुदानाचं खातं, पासबुक, शिक्के यातलं काहीही त्याच्याकडे जाता कामा नये, आणि कुलमुखत्यारपत्रावर सही तर अजिबात नको, मग तो "फक्त ऑफिसच्या कामापुरतं" म्हणाला तरी. तो एवढ्यावर तयार झाला तर माणूस बरा आहे.

गटाच्या आतही एक कागद करा, साध्या वहीत चालेल. कुणी दोन हंगाम कामाला आली नाही तर तिचा मांडव गटाकडे परत, कुणी आपला हिस्सा बाहेर विकायचा नाही, पावसाआधी सगळे खांब-दोऱ्या वर काढायच्या आणि त्याचा खर्च पहिल्या विक्रीतून आधीच बाजूला ठेवायचा, रात्री होडीवाल्यांना दिसेल असा दिवा किंवा चकाकणारी पट्टी चारही कोपऱ्यांना. आणि मांडवाखाली, मांडवांच्या मधून जी कालवं-तिसऱ्या आपोआप येतात त्या काढायचा हक्क आधी काढणाऱ्या बायकांचा तसाच राहील, हे स्पष्ट लिहा, नाहीतर तिथेच पहिलं भांडण होतं.

तुमच्याकडे आता गणपती येतायत, मुंबईची माणसं गावात असतील, दोन्ही तीरांवरची सगळी एकत्र भेटायची हीच वेळ. अनंत चतुर्दशी झाल्यावर लगेच येणाऱ्या उधाणाच्या ओहोटीला पलीकडच्या वाडीतल्या बायकांना घेऊन खाडीत उतरा, काठी बरोबर न्या, आणि त्या काय काढून दाखवतायत त्याचा फोटो काढून मला पाठवा, त्यावरून अर्जाचा नकाशा कसा करायचा ते मी सांगतो.